मंत्रीकाकांची परवानगी

आमच्या मंत्रीकाकांकडे काहीही मागा, उत्तर एकच: "अजून वेळ आलेली नाही." दाराला निळा रंग? वेळ आलेली नाही. पुढच्या पायरीवर तुळशीची कुंडी? शनिवारी या. शनिवारी गेलं की समोर बसवून चहा पाजणार, कपात आधी दूध की आधी चहा यावर प्रवचन देणार आणि शेवटी पुन्हा तेच. ऐकून ऐकून आम्ही थकलो होतो.

काका म्हणजे नव्वदीला टेकलेले गोरे गृहस्थ. तरुणपणी आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारात मंत्री होते. तिथल्या बहुसंख्य काळ्या लोकांना राज्य द्यायला त्यांनी शेवटपर्यंत विरोध केला. "विरोध नव्हे, ते तयार नव्हते," असं अजून म्हणतात. राज्य गेलं, बायको गेली, काका मुलीकडे अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरी गावात आले. मग मुलगीच नोकरीसाठी टेक्ससला गेली. उरली आमची टाउनहाउसची कॉलनी. इथे दाराच्या रंगालाही अध्यक्षाची परवानगी लागते. ते अध्यक्षपद कुणालाच नको होतं, म्हणून ते काकांकडे.

हळूहळू कॉलनी पुण्या-नागपूरच्या मंडळींनी भरली. यंदा आम्ही मतदान मागितलं, तर काकांनी अट काढली: ज्याने स्वतः बर्फ उपसला, त्यालाच मत! आम्ही सगळे बर्फ काढायला ट्रक बोलावणारे.

"हा माणूस काही शिकलाच नाही रे!" बायको वैतागली.

अट उडाली, हात वर झाले, काका हरले. अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. ऑफिस, मुलांचे क्लासेस, त्यात हे! मी सगळ्या परवानग्या फोनवर एका क्लिकमध्ये आणून टाकल्या.

पुढच्याच शनिवारी बेल वाजली. दारात काका, कोट-टाय घालून. स्वतःच्याच बाल्कनीत पाखरांसाठी दाण्याचं भांडं टांगायचं होतं.

"टांगा की! अप्रूव्ह्ड."

काकांचा चेहरा पडला. "इतक्यात? नीट विचार कर." आणि तिथेच थंडीत उभे राहिले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं आम्हाला अडवलं, ते दारावर कुणीतरी यावं म्हणून. एका अख्ख्या देशाला दाराबाहेर ताटकळत ठेवणारा हा माणूस. याची कीव करायची नाही, असं मी मनाशी बजावलं. नाही जमलं. बायकोकडे पाहिलं. तिने कपाळाला आठ्या घालून चहाचं आधण चढवलं.

"काका," मी म्हटलं, "अजून वेळ आलेली नाही. पुढच्या शनिवारी या. आज नुसता चहा घ्या."

"योग्य निर्णय," काका म्हणाले, आणि वाकून बूट काढायला लागले.