भगवाननानांचा वजनकाटा

आमच्या वाटूरला कुणाच्याही घरी गेलं की आधी पाणी विचारतात. भगवाननाना आधी वजन विचारतात. नुसतं विचारून थांबत नाहीत, काट्यावर उभं करतात. गावातली एक आडत बंद पडली तेव्हा तिथला धान्याचा काटा त्यांनी उचलून आणला आणि ओसरीवर असा मांडला, की त्यावर पाय दिल्याशिवाय आत जाताच येऊ नये. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर आणि अंगानं चांगला भरलेला. त्यामुळे माझी शोभा रोजचीच.

"मास्तर, पुन्हा चढलात! तुमच्यासारखे चौघं बसले तर हेलिकॉप्टर हात जोडून म्हणंल, माफ करा."

नानांची सगळी नोकरी फौजेत हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीत गेली. नोकरी सुटली, हेलिकॉप्टर काही सुटलं नाही. छताचा पंखा दाखवून ते येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवतात. "ही पाती हवा खाली ढकलून राह्यली. म्हणून पंखा वर जायला बघतो. छताला आवळलाय म्हणून गुमान हाये." ते ऐकल्यापासून माझी बायको त्यांच्याकडे गेली की पंख्याखालची जागा सोडून बसते.

उन्हाशी तर त्यांचं जुनं भांडण. "हवा तापली की पातळ होती. पातळ हवेत पात्याला पकड न्हाई. सकाळी जेवढं वजन उचललं, तेवढं दुपारी बिलकुल उचलत न्हाई." म्हणून दुपारी ते मला स्कूटरवर मागे घेत नाहीत. स्कूटर जमिनीवरून चालते, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. त्यावर नेहमीचं वाक्य आलं, "मास्तर, हवेशी खोटं बोलता येत न्हाई." या वाक्यानंतर वाद संपतो.

संसाराचंही शास्त्र तेच. "मोठा पंखा एकीकडं फिरला की हेलिकॉप्टरचं धड उलटं फिरायला बघतं. शेपटीवरचा बारका पंखा त्याला धरून ठिवतो. ह्या घरात मोठा पंखा मी. बारका कोण, ते सांगायला पाहिजे का?"

आतून सुमनकाकूंचा आवाज यायचा, "बारका पंखा चहा करून राह्यला. मोठ्या पंख्यानं जल्दी साखर आणावी."

गेल्या वर्षी काकू आजारी पडल्या. जालन्याला पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. काकू दवाखान्यात होत्या तेव्हा नाना एकदा कपडे न्यायला घरी आले. पिशवी हातात घेऊन अंगणात नुसते गोल गोल फिरत होते. धरून ठेवणारा बारका पंखा घरात नव्हता. मला फार वाईट वाटलं.

काकू घरी आल्या त्या निम्म्या होऊन. काट्यावर उभ्या राहिल्या, तेव्हा नाना आकडा न सांगता आत निघून गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन निदान पन्नास किलोवर न्या, नाहीतर पुढचे उपचार शरीराला पेलणार नाहीत. आणि काकूंना तर अन्नाचा वासही सहन होईना.

मग नानांनी कंबर कसली. राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत हेलिकॉप्टरच्या फेऱ्या होणार, अशी बातमी आली होती. एवढी वर्षं फौजेत काढूनही काकूंना त्यांनी कधी हेलिकॉप्टरात बसवलं नव्हतं.

"दोघं बसू. पण तू जेवली तर. आन् आपली बेरीज बराबर राह्यली पाहिजे. तू वाढ, मी घटतो."

जन्मभर लोकांच्या ताटातला भात मोजणारा हा माणूस हातात तुपाची वाटी घेऊन काकूंच्या मागे फिरू लागला. सकाळी शिरा, दुपारी वरणभात, संध्याकाळी डिंकाचा लाडू. स्वतः मात्र अर्ध्या भाकरीवर. काकू रडायच्या, चिडायच्या. नाना हलायचे नाहीत. शेवटी काकूंनीच बंड केलं, "मी खाते, पण त्या काट्यावर आता चढणार न्हाई. काय व्हायचं ते राजूरला बघू." नानांना आकड्यावाचून झोप लागेना, पण त्यांनी ते मान्य केलं.

चतुर्थीला आम्ही जीप करून राजूरला गेलो. दर्शनाची रांग काही सरकेना. नाना घड्याळाकडे नाही, उन्हाकडे बघत होते. "मास्तर, हवा पातळ होऊन राह्यली!" देवासमोरसुद्धा त्यांनी बहुतेक थंड वाराच मागितला असावा. मैदानावर पोहोचलो तोवर भर दुपार झाली होती.

तिथे एक पोरगेला कर्मचारी बसणाऱ्यांना काट्यावर उभं करत होता. आधी एक नवं जोडपं झालं. मग नाना चढले. चपला, पट्टा, सगळं माझ्या हातात देऊन. मग काकू.

"एक्कावन्न!"

"पुन्हा सांगा," नाना म्हणाले.

"एक्कावन्न, काका." त्यानं बेरीज केली आणि मान हलवली. "ऊन फार आहे. वजन जास्त होतंय, एकाला थांबावं लागेल. ही शेवटचीच फेरी आहे."

आता नाना त्याला अर्धा तास ऐकवणार, असं मला वाटलं. नाना एकदम हसले. "बराबर हाये. हवेशी खोटं बोलता येत न्हाई," म्हणाले आणि बाजूला झाले.

"तुम्ही न्हाई तर मीबी न्हाई," काकू अडून बसल्या.

"बस गुमान. आधी जमिनीलगत तरंगल, मंग नाक खाली करून पुढं निघंल. पोटात गोळा यील. भ्यायचं न्हाई. मी हितं खालीच हाये."

हेलिकॉप्टर उठलं. धुळीनं नाना नखशिखान्त माखले, पण मान खाली केली नाही.

"नाना, तुमचं बसायचं राहिलं की," मी म्हणालो.

"राहू द्या. मास्तर, ऐकलं का तुम्ही? जास्त झालं. तिचं वजन जास्त झालं!" नाना रडत होते, आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

काकू उतरल्या. केस विस्कटलेले, चेहरा लहान मुलीसारखा. "केवढं बारकं दिसतं हो सगळं! तुम्ही तर दिसलेच न्हाई."

"मी हितंच व्हतो," नाना म्हणाले आणि त्यांनी काकूंचा हात धरला. "चल, भूक लागली असंल."

समोरच्या टपरीवर त्यांनी भज्यांच्या दोन प्लेटी सांगितल्या आणि दोन्ही काकूंच्याच पुढे ठेवल्या.