ताउवूंचं वीजयंत्र

पाणीयोजनेच्या पाण्यावर छोटं वीजयंत्र बसवता येईल का, हे पाहायला फिजी सरकारनं इसिकेलीला राजधानी सुवाहून डोंगरातल्या नासेले गावी धाडलं. त्याला फक्त पाणी मोजायचं होतं, म्हणजे मापाची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळावर बघायचं होतं, आणि तेही आजच. आकडा मिळाला नाही तर नासेले यंदाच्या आराखड्यातून बाद, आणि गाव पुन्हा अंधारात.

पण पाहुण्यानं रिवाजाप्रमाणे यंगोनाची, म्हणजे जिचं पेय करतात ती मुळी गावप्रमुखापुढे ठेवताना आपलं गाव सांगावंच लागतं. इसिकेलीनं ते जमेल तितकं पुटपुटत सांगितलं. तरी शेजारी बसलेल्या माकेरेता आजीनं ऐकलंच.

"म्हणजे आमचा ताउवू की रे तू मेल्या. लपवत होतास होय?"

इसिकेलीनं आपलं सामान जवळ ओढलं. ताउवू गावं म्हणजे एकाच मूळपुरुषाची लेकरं. एकमेकांची वाटेल ती थट्टा करावी, वाटेल ती वस्तू उचलावी आणि समोरच्यानं नुसतं हसत बघावं, ही रीत.

आजीनं तिथल्या तिथे त्याची मापाची बादली पळवली. तिला कपडे भिजवायचेच होते. मनगटावरचं घड्याळ प्रमुख वाताकींच्या मनगटावर गेलं. तरण्या मंडळींनी फोन नेला, त्यावर रग्बी पाहिली आणि बॅटरी संपल्यावर इमानदारीत परत आणून दिला. चार्ज कुठे करणार? गावात वीज असती तर इसिकेली आलाच कशाला असता.

दुपार कलली तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हक्क तर दोन्हीकडून असतो. तो उठला, चर्चच्या भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि ज्याभोवती पुरुष पीत बसले होते, तो यंगोनाचा लाकडी कटोरा उचलून, उरलेलं पेय ओतून देऊन चालू लागला. त्यांचे चेहरे बघवत नव्हते, पण बोलणार कोण? कटोऱ्यात प्यायच्या किती करवंट्या मावतात हे मात्र प्रत्येकाला तोंडपाठ होतं, तेच बादलीऐवजी माप झालं. मोजणी झाली, पाणी भरपूर निघालं, नासेले आराखड्यात बसलं.

पुढच्या वर्षी यंत्र घेऊन ट्रक निघाला, आणि त्याच दुपारी इसिकेलीला आईचा फोन आला.

"यंत्र आपल्याकडे उतरवून घेतलंय. ट्रक आपल्याच गावावरून चालला होता."

"आई, ते सरकारी आहे."

"खोक्यावर नासेलेचं नाव आहे. म्हणजे आपलंच झालं."

इसिकेलीनं भीत भीत वाताकींना कळवलं. पलीकडून बराच वेळ नुसतं हसूच येत होतं.

"राहू दे की. उजेड जिथं, तिथं आम्ही. उद्या अख्खं गाव चटया घेऊन राहायला येतंय म्हणून सांग तुझ्या आईला. जेवायचं तेवढं बघा म्हणावं. परत कधी जायचं ते अजून ठरलेलं नाही."

निरोप ऐकून आईनं आधी जेवणारी तोंडं मोजली. संध्याकाळच्या आत यंत्र पुन्हा ट्रकवर चढलं, आणि त्याच्या शेजारी, पाहुण्यांनी आपापल्या घरीच थांबावं म्हणून, दोन चांगली पोसलेली डुकरं.