फुसफुसरावांच्या माश्या

फुसफुसरावांच्या घरात एकही माशी नव्हती, आणि नेमकी तीच पंचाईत झाली होती.

माश्या मारायचा स्प्रे विकणं हा त्यांचा धंदा. घरात सकाळ-संध्याकाळ फुसफुस चालायची, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं आणि माश्यांनी ते घर कायमचं टाकलं होतं. त्यात कंपनीच्या साहेबांनी दम भरला होता, की मोठ्या हॉटेलची ऑर्डर आणा, नाहीतर पुन्हा गोदामात पेट्या उचलायला जा. हॉटेलात खरेदी बघणाऱ्या बाईंचं मात्र एकच पालुपद होतं. "आमच्याकडे माशीच नाही, तर स्प्रे कशाला?" तेव्हा माशी आपणच घेऊन जायची, असं फुसफुसरावांनी ठरवलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे तर माशीचे धरायची वेळ आली होती.

ते आधी शेजारी गेले. "वहिनी, तुमच्याकडे दोन-तीन माश्या मिळतील का?"

वहिनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमच्याकडे?"

"नाही, तुमच्याकडे असतीलच, असं वाटलं."

दार धाडकन लागलं. ते घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बायकोने त्यांची खरडपट्टी काढली. "माणसं शेजाऱ्यांकडे साखर मागतात, कांदा मागतात. आता तिच्याशी कोणत्या तोंडाने बोलू मी?"

शेवटी फळवाल्याने माश्या फुकट दिल्या, पण त्यासाठी काळी पडलेली सगळी केळी गळ्यात मारली. तीन माश्या बरणीत आल्या. बायकोने झाकणाला भोकं पाडली. सासूबाईंनी आत साखरेचे चार दाणे टाकले. "जीव आहे तो. जाताना तोंड तरी गोड होऊ दे."

"पण हे औषध नेमकं करतं तरी काय?" बायकोने विचारलं.

फुसफुसराव खुलले. "माशी गुदमरते असं लोकांना वाटतं. तसं नाही. औषध अंगाला लागलं की थेट नसांत शिरतं. नसा एकदा हाका मारायला लागल्या की थांबतच नाहीत. पाय थरथर, पंख फडफड, सगळं एकदम चालू. माशी उताणी पडते आणि शेवटी गार होते."

"म्हणजे तुम्ही बोलायला लागलात की आमचं होतं, तसंच."

दुसऱ्या दिवशी ते हॉटेलात पोचले. बाईंच्या टेबलावर बोट फिरवलं असतं तर बोटच स्वच्छ झालं असतं. फुसफुसरावांनी मांडीवरच्या पिशवीत हात घालून बरणीचं झाकण हळूच सैल केलं. सोडायची एकच होती, पण माश्यांना रांगेची सवय नसते. तिन्ही एकदम सुटल्या. एक टेबलावर बसली, बाकीच्या दोघी उघड्या दारातून बाहेर गेल्या.

"अगं बाई. माशी," बाई पुटपुटल्या.

"तेवढा चहा झाका," फुसफुसराव म्हणाले, आणि फुस्स केलं. माशी उताणी पडली, पाठीवर गरगर फिरली, भुणभुणली आणि थांबली. काम एकदम फक्कड झालं. "बघितलंत? आता तिच्या नसा..."

बाईंचं लक्षच नव्हतं. त्यांनी सफाईच्या मुकादमबाईंना बोलावून घेतलं होतं. त्या ओले हात पुसत आल्या.

"हे काय आहे?"

"माशी आहे, बाई."

"ते मलाही दिसतंय. आली कुठून?"

"मला तरी काय माहीत? इतक्या वर्षांत कधी एक आली नाही."

"आता आली ना? उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मुकादमबाईंचे डोळे भरून आले. फुसफुसरावांनी ते पाहिलं. हातातोंडाशी आलेली ऑर्डर. आता फक्त गप्प बसायचं होतं. पण जन्मात कधी न जमलेली गोष्ट आज कुठून जमणार?

"बाई, माशी माझी आहे." त्यांनी रिकामी बरणी टेबलावर ठेवली. "मी घरून आणली."

"घरून?"

"म्हणजे फळवाल्याकडून. आमच्या घरात होत नाहीत."

मुकादमबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की औषध न लागताच त्यांचे पाय थरथरले. बाईंनी मुकादमबाईंची माफी मागितली, त्यांना कामावर परत पाठवलं आणि मग फुसफुसरावांकडे वळल्या. "म्हणजे आमच्याकडे माशी नव्हतीच. मग स्प्रे कशाला? निघा तुम्ही."

फुसफुसराव उठले. डोळ्यांपुढे गोदामातल्या पेट्यांची थप्पी उभी राहिली, तरी मनाला कसं हलकं हलकं वाटत होतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"बोला मॅनेजरसाहेब. जेवणाच्या हॉलमध्ये? पाहुण्यांच्या सूपमध्ये?" बाईंनी फोनवर हात धरला आणि खालच्या आवाजात विचारलं, "किती आणल्या होत्या?"

"तीन."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग फोनमध्ये साखर घोळलेल्या आवाजात म्हणाल्या, "काही काळजी करू नका साहेब. बंदोबस्त मी आधीच केलाय. कंपनीचा माणूस माझ्यासमोरच बसलाय."

फुसफुसराव पटकन खाली बसले.

"वीस पेट्या पाठवा," फोन ठेवून बाई म्हणाल्या. "आणि ती बरणी इथेच ठेवून जा."