लेझरवरची बारीक अक्षरं

सुरक्षेच्या बाबतीत माझ्याकडे बोट दाखवायची अख्ख्या अंबरनाथमध्ये कुणाची टाप नाही! मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर. घरी बल्ब बदलतानासुद्धा हेल्मेट घालतो. माझी बायको कुमुदिनी तेवढा वेळ शेजारी जाऊन बसते.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. सुरक्षा सप्ताहात माझं भाषण होतं. दरवर्षी पहिल्याच स्लाइडला कामगार डुलक्या घेतात, म्हणून त्या वर्षी मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारातून लेझर पॉइंटर आणला. बोटाएवढी नळी, त्यात चिमुकले सेल. दुकानदार म्हणाला, "एकदम इम्पोर्टेड, साहब! सामनेवाली बिल्डिंग तक जायेगा!"

घरी आलो तर माझे वडील, अण्णा, खुर्चीत ताठ बसलेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी त्याच सकाळी सुटली होती. दुसरा डोळा काचबिंदूने कधीच गेलेला, त्यामुळे सगळी भिस्त या एकावर. दोन वर्षं ते आम्हाला आवाजावरून ओळखत होते. त्या सकाळी त्यांनी कुमुदिनीला विचारलं होतं, "सूनबाई, तुझे केस कधी गं पांढरे झाले?" ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. केसांसाठी नव्हे, हे मला जरा उशिराच कळलं.

"अण्णा, सांगा बघू, काय दिसतंय?" मी कॅलेंडरवर लाल ठिपका पाडला.

"लाल टिकली! एकादशीवर!"

मला चेव चढला! ठिपका भिंतीवर पळवला, पंख्यावर चढवला, कपाटावर उतरवला. कपाटाला आरसा! ठिपका तिथून उडाला तो थेट अण्णांच्या डोळ्यात.

"अरे चिंतामणी!" अण्णांनी डोळा गच्च दाबला. "सगळं लाल झालं रे!"

होता नव्हता तो एक डोळा, तोही मी घालवला?

"अहो, बघत काय बसलात?" कुमुदिनी ओरडली. "त्याच्यावर काहीतरी लिहिलंय ना, ते वाचा आधी!"

नळीच्या तोंडाशी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं! मी डावा डोळा मिटून नळीचं तोंड उजव्या डोळ्याशी धरलं, घाबरून मूठ आवळली, आणि अंगठा नेमका बटणावर! अक्षरांवर लाल झगमग यायला लागली. म्हटलं, उजेड बरा आहे, अजून जवळ घेऊ.

"काय लिहिलंय?"

"किरणात... टक लावून... पाहू नये."

पाहून झालं होतं!

रिक्षात मी अण्णांचा हात धरून बसलो. ते डोळा उघडेनात, आणि मी डावा डोळा मिटून पाहिलं तर रिक्षावाल्याच्या मानेवर डोकंच दिसेना. कुमुदिनीने वळून पाहिलं, तसा मी घाईने तो उघडला.

ऑपरेशन करणाऱ्या सिंधी डॉक्टरांनी अण्णांना बराच वेळ तपासलं. "फर्स्ट क्लास आहे, अण्णाजी! आरशातून आला, लांबून आला, आणि तुम्ही लगेच डोळा मिटला, म्हणून वाचले. पण हे खेळणं नाही, साहेब!"

कुमुदिनी मटकन बाकावर बसली.

"डॉक्टर, जरा माझाही..." मी पुटपुटलो.

डावा डोळा झाकून मला तक्त्यासमोर बसवलं. ज्या अक्षराकडे पाहावं तेच गायब! कडेचं सगळं दिसतंय, मधोमध काळा डाग. डॉक्टरांचं हसू गेलं. "डोळ्याच्या पडद्याला लागलंय. बहुतेक डाग फिका होईल. बहुतेक, हां! वाचा वरची ओळ."

मी मान तिरपी करून डागाच्या कडेने अक्षर शोधू लागलो. तेवढ्यात मागच्या बाकावरून दबका आवाज आला, "ग... म... पुढे र."

अण्णा! जन्मभर मास्तरकी केलेला, पोटच्या पोराला गणितात नापास करणारा माणूस भर दवाखान्यात मला कॉपी पुरवत होता!

"अण्णाजी, सांगायचं नाही!"

"अहो डॉक्टर," अण्णा म्हणाले, "पोर घाबरलंय हो."

मी चांगला त्रेपन्न वर्षांचा सेफ्टी ऑफिसर. पुढची ओळ कधी सांगतायत म्हणून कान टवकारून बसलो!