अण्णासोंच्या छत्रीला लटकलेलं वटवाघूळ

शिवाजी पेठेतल्या पिंपळावरून कावळ्यांनी टोचून टोचून एक मोठं वटवाघूळ खाली पाडलं, तेव्हा अण्णासो छत्री घेऊन दुकानाकडे निघाले होते. कुत्री धावली. अण्णासोंनी घाईघाईने मिटलेली छत्री पुढे केली. वाघळाने ती फांदी समजून पकडली आणि ते निवांत उलटं लटकलं.

"आता हे ठेवू कुठं?" त्यांनी शेजारच्या नुजहतला विचारलं. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची.

"खाली नका ठेवू, काका. जमिनीवरनं त्याला उडता येत न्हाय. उंचावरनं खाली झेपावलं की मगच उडतंय. झाडावर कावळे टपून हैत. दिवस मावळंस्तोवर असंच वर धरा. हात लावू नका. आणि जरा पाणी बघा त्याला."

घरी नेणं शक्य नव्हतं. "त्ये आत आलं की मी भाईर," असं त्यांच्या बायकोने, मीनाबाईंनी, खिडकीतूनच सांगितलं होतं. अण्णासो चौकात उजवा हात वर करून उभे राहिले.

तेवढ्यात तालमीचे जोतीराम आले. पेठेतली कुठलीही गर्दी त्यांच्याशिवाय पूर्ण होत नसे.

"अण्णा, काय पायजे?"

"पाणी पायजे," अण्णासो हळूच म्हणाले.

पेठेतले नळ कधीचे कोरडे होते. जोतीरामांचे डोळे भरून आले. "म्हणून ह्यो उलटा कारभार टांगलाय व्हय? लई भारी कल्पना."

"आवं, खरं वाघूळ हाय."

"खरंच पायजे. खोट्याला कोण भितंय?"

दुपारपर्यंत आंदोलनाचा मंडप उभा राहिला, हलगी आली. हलगीच्या आवाजाने वाघूळ छत्री आणखी घट्ट धरायचं. लोक अण्णासोंना हार घालून जात होते, पण छत्री धरायला कुणी पुढे येईना.

सूर्य मावळताना पाणीखात्याचे साहेब आले. "उद्यापासून नियमित पाणी सोडतो," ते म्हणत होते, इतक्यात वाघळाने छत्री सोडली, पंख उघडले आणि साहेबांच्या डोक्यावरून ते रंकाळ्याकडे निघून गेलं. अण्णासोंनी हुश्श करून हात खाली घेतला.

हलगी थांबली.

"आंदोलन मागं घेतलं?" जोतीरामांनी विचारलं. "पाणी यायच्या आधी?"

"वाघूळ गेलं की."

"ते गेलं. खरं तुमाला सायबानं कानात काय सांगितलं?"

"मॅनेज झालं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

अण्णासोंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि रिकामी छत्री निमूटपणे पुन्हा वर धरली. टाळ्या पडल्या.

गर्दीतून वाट काढत मीनाबाई भाकरीचा डबा घेऊन आल्या.

"आता डावा हात वर करा," त्या म्हणाल्या. "उजव्यानं जेवायचं हाय न्हवं?"