बारावा खण मोकळा न्हाई

मोकळी जागा कुणाला म्हणता, भाऊसाहेब? तिथं माझी बायकू हाय. तुम्ही ग्रामसेवक, मिटिंगला तालुक्याला जाऊन बसलाय, म्हणून तुमच्या खुर्चीला सांगतोय. शिपाई राणबा हितंच हाय, त्यो सांगंल तुम्हाला.

आपल्या गावात माणूस एका जागी मावत न्हाई, पंचायतीच्या गोदामात खणाखणांत ठेवत्यात. ह्यात नवं काय न्हाई. माझी बायकू तीन खणांत हाय. बाराव्यात डोकं, एकतिसाव्यात हात, अठ्ठ्याऐंशीत पाय. काय कुठं हाय ते तिच्या नंबराच्या कागदावर, आन नंबर नावाच्या वहीत. नाव घेतलं की तिन्ही खण जुळत्यात. एका नंबराला कितीबी नावं चालत्यात, पण एकबी उरलं न्हाई तर खण मोकळं धरायचं. नेमाशी माझं भांडण न्हाई.

हिला दोन नावं व्हती. म्हायेरचं चिंगी. तिची आई वारली, त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं न्हाई, तुम्ही खोडलं. बरं. लग्नातलं एक ऱ्हायलं. मग वही तपासाया तुम्ही दारात येऊन इचारलं, "मालकिणीचं नाव काय?" मी म्हणलं, "आमच्यात बायकूचं नाव घेत न्हाईत." तुम्ही तेबी खोडून लिवलं, 'नाव नाही.' घेत न्हाईत म्हंजी न्हाई व्हय?

बुधवारी एकतिसाव्या खणात दगडू शेळक्याची कडबाकुट्टी ठेवली. हिचं हात गेलं. राणबा म्हणतोय, "आबा, कागदावर खण रिकामाच व्हता." रिकामा कसा? त्यात बांगड्या व्हत्या. दगडूला इचारा, मशीन चालू केलं की किणकिण वाजतंय, तेल घातलं तरी थांबंना.

आता उद्या बाराव्यात सरपंचाच्या सत्काराच्या खुर्च्या यायच्यात.

काल ही म्हणली, "अवं, चाळीस वरसं नुसतं 'अगं' म्हणून हाक मारलीसा. अर्धी आळी वळून बघायची. आता तरी नाव घ्या, डोकं हाय तवर ऐकून घेते."

लग्नात उखाणा घ्यायची पाळी आली तवा मी मांडवातनं उठून गेलो व्हतो, माझ्या जागी मामानं घेतला. म्हणून आज हितं, राणबासमोर, तुमच्या खुर्चीपुढं घेतोय. वही तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्या खिशात. नंबर एकशेचार. नाव इंदुमती.

खुर्च्या यायच्या आत या, आन लिवा.