भिंतीपलीकडचा रूव्हेन

आमचा शेजारी रेमंड रोज सूर्य बुडताना मेंढ्याचं शिंग उशीत खुपसून फुंकायचा. उशी अशासाठी की आवाज घराबाहेर जाऊ नये. पण उशीने आवाज मरत नसे, नुसता बदलत असे. दोह्याच्या अल गराफा भागातल्या एका व्हिलाचे घरमालकाने मधोमध प्लायवुड ठोकून दोन भाग केलेत. एका भागात मी आणि माझी बायको फ्लोरी, दुसऱ्यात रेमंड. चहाचा कप तोंडाला लावावा आणि भिंतीतून, जिवंत पुरलेलं जनावर कण्हावं तसा आवाज यावा. फ्लोरी नर्स आहे. पहिल्या दिवशी तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "हा आवाज मी वॉर्डात ऐकलाय. तो काढणारा पेशंट फार टिकत नाही."

रेमंड टिकला. आम्हीच दोन महिने घाबरत होतो.

एकदा घरमालक आला, अंगणात उभा राहून त्याने हवा हुंगली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "बकरा रखा है?" दुसरा कोणी असता तर हात जोडून नाही म्हणाला असता. रेमंडला खोटं बोलणं अवघड जायचं. निदान लहान गोष्टीत. "बकरा नहीं, मेंढा," तो म्हणाला. "और पूरा मेंढा नहीं. सिर्फ सींग." घरमालकाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, "खलास, खलास" म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर तो आला की भाड्याचं बोलायला आमच्याच दारात यायचा.

रेमंड आमच्याच वसईचा, रीतसर बाप्तिस्मा झालेला कॅथलिक. दोह्यातल्या एका कंपनीत फायर अलार्म तपासायचं काम करायचा. नवीन टॉवरच्या रिकाम्या मजल्यांवर एकट्याने हिंडायचं, बटण दाबायचं आणि "इमारत ताबडतोब सोडा" असं सांगणारी रेकॉर्ड केलेली बाई कोपऱ्याकोपऱ्यात नीट ऐकू येते का ते बघायचं. दिवसभर रिकाम्या खोल्यांत आवाज ऐकणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार, असं फ्लोरीचं मत होतं. लग्न राहून गेलेलं. घरी आलं की मोबाईल. आणि त्या मोबाईलवर कधीतरी त्याला मशीही पंथाचे व्हिडिओ दिसले.

हे मशीही लोक येशूला मानतात, पण ज्यू रीतीने. येशूला येशुआ म्हणायचं, रविवारऐवजी शनिवार पाळायचा, नाताळऐवजी शिंगांचा सण, मांडवांचा सण. मनापासून पाळणारे चांगले लोक त्यात आहेत, हे मला नंतर कळलं. पण रेमंडने तो पंथ व्हिडिओवरून उचलला होता, आणि व्हिडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही.

"मला रेमंड म्हणू नकोस," एके दिवशी तो म्हणाला. "रूव्हेन म्हण. मुळात आम्ही ज्यू."

"कोण आम्ही?"

"माझी आजी शनिवारी चूल पेटवत नसे."

"रेमंड, तुझी आजी शनिवारी आगाशीच्या बाजारात वांगी विकायला बसायची. मी घेतलीत तिच्याकडून."

"मग? चूल पेटवत नव्हती ना?"

याच्यापुढे बोलणं खुंटायचं. उरलंसुरलं खुंटवायला त्याच्याकडे एक वाक्य होतं: "मूळ भाषेत तसं नाही." फ्लोरी म्हणाली, बोंबिलात मीठ जास्त झालंय, तर हा म्हणाला, "मूळ भाषेत मीठ म्हणजे करार. करार जास्त होत नाही." आणि तीन बोंबील खाल्ले.

हळूहळू त्याच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी माणसं जमू लागली. पाच-सहा घरं, बहुतेक आपलीच वसईकडची, ऑफिसात आणि हॉस्पिटलात काम करणारी. पडदे ओढून, दोन दिवे लावून हलक्या आवाजात प्रार्थना चालायची. ती माणसं शिंगासाठी येत नव्हती. ती गच्चीसाठी येत होती.

आमच्या गच्चीवर घरमालकाची एक खोली आहे, कायमची कुलूपबंद. आत जुने सोफे आहेत म्हणे. मे महिन्यात हात ठेवला तर चटका बसेल असं तिचं लोखंडी दार, पण ते गार असायचं. गच्चीभर लोळणारी मांजरं त्या दारासमोरून जाताना भिंतीच्या कडेकडेने जायची. रेमंड संध्याकाळी वर जाऊन त्या दारासमोर बसायचा आणि खाली येऊन सांगायचा, "ऐकलं."

काय ऐकलं? अमक्याचा व्हिसा होईल, तमकीला मूल होईल. कधी व्हायचं, कधी नाही. झालं की माणसं लक्षात ठेवायची आणि नाही झालं की स्वतःच्याच श्रद्धेला दोष द्यायची. रेमंडचा आवाज मात्र दिवसेंदिवस जड होत चालला होता. तो आता सावकाश बोलायचा, डोळे मिटून, आणि लोक त्याला पाण्याचा ग्लासही दोन हातांनी द्यायचे.

मी हसायचो. एका दुपारपर्यंत.

धुळीचं वादळ आलं होतं. आकाश हळदीसारखं पिवळं झालेलं, समोरचा व्हिलाही दिसेना. फ्लोरीचे युनिफॉर्म वर वाळत होते म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून गच्चीवर गेलो. पहिला युनिफॉर्म काढला आणि वारा थांबला. कमी झाला नाही, थांबला. धूळ हवेत तशीच लटकून राहिली. आणि त्या दारामागून कोणीतरी, अगदी सहज, जसं स्वयंपाकघरातून विचारावं तसं म्हणालं, "अंत्या, जेवलास का?"

माझं नाव अंतोन. ऑफिसात मी टोनी आहे. अंत्या म्हणणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला वसईच्या चर्चमागे पुरून बरीच वर्षं झाली होती.

मी युनिफॉर्म तिथेच टाकून खाली आलो. "कपडे कुठेत?" फ्लोरीने विचारलं. म्हटलं, उडाले.

त्यानंतर मला रेमंडला हसता येईना. हा रोज हे ऐकतो आणि तरी जेवतो, झोपतो, कामावर जातो? मला त्याचा धाक वाटू लागला. लोक ग्लास दोन हातांनी का देतात ते समजलं.

आणि तेव्हाच लूसीचं प्रकरण झालं.

लूसी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. नवरा वारलेला, मुलगी वसईला आजीजवळ. छातीत गाठ निघाली. फ्लोरीनेच धावपळ करून तपासण्या करवल्या, ऑपरेशनची तारीख मिळवली. रेमंड गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "शिंगांच्या सणापर्यंत गाठ विरघळेल. ऐकलं." लूसीने तारीख रद्द केली.

फ्लोरी भिंतीवर थापा मारत ओरडली, "रेमंड, तिला काही झालं ना, तर तुझं ते शिंग मी तुझ्या घशात घालीन!" मग ती लूसीकडे गेली, रागावली, रडली. लूसी शांतपणे म्हणाली, "तुला डॉक्टर सांगतात, मला देव सांगतो." मीही तिला अडवलं नाही. मी स्वतः ऐकलं होतं. त्या दाराआड जर माझी आई असू शकते, तर लूसीची गाठही विरघळू शकते. नाही कसं म्हणू?

याच दिवसांत सुपरमार्केटात पोह्यांच्या पाकिटांपाशी फ्लोरीला एस्तेरमावशी भेटल्या. पेणच्या, नऊवारी नेसणाऱ्या, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. मुलगा दुखानला तेलाच्या कंपनीत, त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. शुक्रवारी मुलाने त्यांना आमच्याकडे चहाला आणून सोडलं. सूर्य बुडाला आणि भिंत कण्हू लागली.

मावशींनी कान दिला. "हे शोफार आहे, आमचं मेंढ्याचं शिंग," त्या म्हणाल्या. "पण वाजवणाऱ्याला सर्दी झालीय का?"

फ्लोरीने सगळं सांगितलं. मावशींनी चहा संपवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला बघू."

रेमंडच्या खोलीत सगळे बसले होते. लूसी पहिल्या खुर्चीवर. खरीखुरी ज्यू बाई दारात बघून रेमंड इतका गोंधळला की शिंग हातात आणि उशी काखेत, तसाच उभा राहिला.

"बसा, बसा," म्हणत मावशी स्वतःही एका खुर्चीवर बसल्या. "तुमचं आडनाव कुठल्या गावावरून? आमच्यात गावावरून असतं. पेणकर, तसं."

"आम्ही... वसईकडचे."

"बरं." त्यांनी दिव्यांकडे, भिंतीवरच्या हिब्रू अक्षरांकडे, त्याच्या खांद्यावरच्या झालरीच्या शालीकडे पाहिलं. "माझ्या वडलांची अशीच होती. तिच्यातच त्यांना पुरलं. तुम्ही येशूला मानता ना? खुशाल माना. पण आमच्या घरातल्या वस्तू वापरायच्या तर जरा जपून. त्यांच्याबरोबर आमची माणसं जगली आणि मेली." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आणि या पोरीला तुम्ही काय सांगितलंत?"

"मी नाही सांगितलं, ऐकलं ते—"

"कुठल्या भाषेत?"

"हिब्रूत."

"मग म्हणा ना. मला थोडं येतं."

रेमंडने तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. एसीची घरघर तेवढी चालू होती.

आणि वर, छतावर, काहीतरी सरकलं. जड खुर्ची फरशीवरून सावकाश ओढावी तसं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बरोबर रेमंडच्या डोक्यावर येऊन थांबलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. मग सगळ्यांनी रेमंडकडे पाहिलं. लूसीने हात जोडले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. एस्तेरमावशींनीसुद्धा पदर घट्ट धरला होता. त्या क्षणी रेमंड काहीही बोलला असता तरी ते खरं ठरलं असतं. त्याने नुसते डोळे मिटले असते तरी पुरलं असतं.

त्याने शाल काढली, घडी घातली आणि मावशींच्या मांडीवर ठेवली.

"वर काय आहे मला माहीत नाही," तो म्हणाला. बोलणं त्याचं नेहमीचं, वसईचं. "मला कधीच काही ऐकू आलेलं नाही. एकदाही नाही. मी तुम्हाला सांगायचो ते मनानेच सांगायचो. मी ज्यू नाही. माझी आजी वांगी विकायची. लूसी, उद्या सकाळी हॉस्पिटलात जा. मी खोटं बोललो."

लूसी उठली. तिने त्याच्या तोंडात मारली, अशी की दिव्याची ज्योत हलली. मग फ्लोरीला धरून ती बाहेर गेली. बाकीचेही एकेक करून गेले. मावशी जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "आता प्रार्थना करायला हरकत नाही." त्याला ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो तर रेमंड त्या दारासमोर बसला होता. त्याने मागितल्यावर घरमालकाने किल्ली पाठवली होती. दार सताड उघडं. आत खरोखरच जुने सोफे, धुळीने पांढरे. धुळीवर कसलाही माग नाही, काही ओढल्याची रेघ नाही.

"उंदीर असतील," मी म्हटलं.

"असतील," तो म्हणाला. "अंतोन, तुला कधी इथे काही ऐकू आलं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण काल हा माणूस सगळ्यांसमोर खरं बोलला होता. मी सांगितलं. वादळ, वारा थांबला, आई, सगळं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो घाबरेल, नाहीतर मनात कुठेतरी सुखावेल. त्याने हळूच विचारलं,

"जेवलास का, एवढंच?"

"एवढंच."

"मी किती वर्षं बसलो इथे," तो म्हणाला. "गाठीचं नको होतं मला, व्हिसाचं नको होतं. एक हाक हवी होती. रूव्हेन म्हणून, रेमंड म्हणून, कशीही चालली असती. अरे, घरी गेलो की कोणी हाक मारत नाही. वसईलाही आता कोणी नाही. आणि तुझ्यासारख्या हसणाऱ्याला..." मी त्याच्या शेजारी बसलो. दारातून गार हवा येत राहिली. तिने आम्हा दोघांनाही काही विचारलं नाही.

लूसीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, पण फार नाही. मग औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या. फ्लोरीला ड्युटी, टॅक्सीत लूसीला मळमळायचं. रेमंडने कंपनीला सांगून आपली सुट्टी त्या दिवसांना लावून घेतली आणि गाडी घेऊन तिच्या दाराशी उभा राहिला. ती त्याच्याशी बोलत नसे. एकटी त्याच्या गाडीत बसायलाही तयार नव्हती, म्हणून मी जायचो. ती मागे, मी पुढे, रेमंड स्टीअरिंगवर. ती आत गेली की तो पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहायचा. मी कॉफीला बोलावलं तरी यायचा नाही. "ती लवकर बाहेर आली तर?" म्हणायचा.

उन्हाळाभर असं चाललं. ऑगस्टमधल्या एका दुपारी लूसी बाहेर आली. डोक्याला रुमाल, चेहरा खडूसारखा. पुढचं दार उघडून ती मला म्हणाली, "तुम्ही मागे बसा."

मी मुकाट्याने मागे गेलो. ती रेमंडच्या शेजारी बसली, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली, "एसी कमी कर. थंडी वाजतेय."

त्याने कमी नाही, बंदच केला. काचा वर, बाहेर आग ओकणारं ऊन. माझा शर्ट दोन सिग्नलांत भिजला, रेमंडच्या कपाळावरून धारा डोळ्यांत उतरत होत्या, पण तो पुसण्यासाठी हात हलवीना. स्पीडब्रेकर आला की गाडी अशी सावकाश चढवायचा आणि उतरवायचा, जणू काचेचं सामान नेतोय. घरी पोहोचायच्या आधीच लूसीला झोप लागली आणि तिचं डोकं कलून त्याच्या खांद्यावर टेकलं.

तिच्या बिल्डिंगखाली गाडी थांबली. मी दाराला हात घातला तसं त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. दाराचा आवाज होईल.

मग आम्ही तिघे त्या भट्टीत बसून राहिलो. ती उठेपर्यंत.